लघु वीजजाळी : किलोवॅट मोजले, सेवेचे काय?

गावात सौर पॅनल बसले, खांब उभे राहिले, उद्घाटनाची फीत कापली गेली, की प्रकल्प पूर्ण झाल्याची नोंद कागदावर होते. ग्राहकाच्या दृष्टीने मात्र प्रकल्पाची परीक्षा त्यानंतर सुरू होते. संध्याकाळी दिवा लागतो का, पिठाची गिरणी चालते का आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीला कोण येतो, यांवर त्या विजेची किंमत ठरते. ग्रामीण लघु वीजजाळ्यांच्या, म्हणजेच मिनी-ग्रिडच्या, इतिहासात अनेक प्रकल्प याच परीक्षेत नापास झाले आहेत.

एखाद्या गावाला किंवा वस्तीला स्थानिक पातळीवर वीज निर्माण करून पुरवणारी यंत्रणा म्हणजे लघु वीजजाळे. सौर पॅनल, बॅटऱ्यांचा संच, इन्व्हर्टर आणि वितरणाच्या तारा हे त्याचे नेहमीचे घटक. काही ठिकाणी धानाच्या तुसापासून किंवा लहान ओढ्यावरही वीज तयार केली जाते. भारतात सुंदरबनातील सागर बेटावर १९९६ मध्ये असे सौर केंद्र सुरू झाले. जागतिक बँकेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगभरात सुमारे २१,५०० लघु वीजजाळी असून त्यांच्यावर ४ कोटी ८० लाख लोक अवलंबून आहेत.

धरनईचा धडा

बिहारच्या जहानाबाद जिल्ह्यातील धरनई गावात २०१४ मध्ये ‘ग्रीनपीस’च्या पुढाकाराने १०० किलोवॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. तीन दशके अंधारात असलेल्या या गावाची देशभर चर्चा झाली. तथापि, फ्रिजसारखी जास्त वीज खाणारी उपकरणे त्यावर चालवता येत नव्हती. ‘आम्हाला खरी वीज हवी’, अशी मागणी ग्रामस्थांनी लवकरच केली. थोड्याच काळात सरकारी वीजही गावात पोहोचली आणि ती स्वस्त होती. पुढे बॅटऱ्या निकामी झाल्या, त्या बदलल्या गेल्या नाहीत आणि काही वर्षांतच प्रकल्प बंद पडला.

या अपयशात तंत्रज्ञानाचा दोष थोडाच होता. लोकांना कोणत्या दर्जाची सेवा मिळणार, ती किती काळ टिकणार आणि ढासळल्यास उत्तर कोण देणार, हे प्रश्न मोकळे राहिले.

नेमके काय मोजायचे?

स्थापित क्षमता हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा आकडा आहे. उदाहरणार्थ, १० किलोवॅटच्या पॅनलवर दिवसभरात पाच तासांच्या पूर्ण उन्हाइतका प्रकाश पडला, तर आदर्श स्थितीत ५० युनिट वीज मिळावी. प्रत्यक्षात ३५ युनिट मिळाली, तर कामगिरीचे गुणोत्तर ०.७ येते. हे गुणोत्तर महिन्यागणिक घसरू लागले, तर पॅनलवरील धूळ, वाढलेल्या झाडाची सावली, सैल झालेली जोडणी किंवा इन्व्हर्टरमधील दोष शोधावा लागतो.

बॅटरीवर तर विशेष लक्ष हवे. लेड-अॅसिड बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली, की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. तापमानाचाही तिला जाच होतो. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांमागे आयुष्य जवळपास निम्मे होते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. त्यामुळे पत्र्याच्या खोलीत ठेवलेला संच आणि हवेशीर खोलीतला संच एकाच दिवशी बसवले, तरी एकाच दिवशी बाद होत नाहीत.

ग्राहकाच्या बाजूने तीन गोष्टी मोजाव्या लागतात : वीज दिवसातून किती तास उपलब्ध आहे, ती किती वेळा व किती वेळ खंडित होते आणि तिचा दाब योग्य आहे की नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेने २०१६ मध्ये मांडलेली लघु वीजजाळ्यांची गुणवत्ता चौकट याच तीन कसोट्यांवर उभी आहे. जागतिक बँकेच्या २०१५ च्या बहुस्तरीय मोजपट्टीत शून्य ते पाच अशा पायऱ्या आहेत. तिसऱ्या पायरीसाठी दिवसाला किमान आठ तास वीज लागते आणि त्यांतील तीन तास संध्याकाळचे असावे लागतात. दुपारी भरपूर आणि रात्री अंधार, अशा पुरवठ्याला तेथे गुण मिळत नाहीत.

मोजमाप कुठे?

केंद्रावरील इन्व्हर्टरची माहिती मोबाइल नेटवर्कवरून दूरच्या कार्यालयात पाहणे आता सोपे झाले आहे. पण केंद्रावर सारे ठीक दिसत असताना वाहिनीच्या टोकाच्या घरात दिवा मिणमिणत असू शकतो. तार लांब व बारीक असली, की दाब वाटेतच गळतो. म्हणून एक मापक केंद्रावर आणि काही मापके वाहिनीच्या शेवटच्या घरांत, असा शिरस्ता हवा.

याबाबतीत पुण्याच्या ‘प्रयास’ ऊर्जा गटाचे काम उल्लेखनीय आहे. या गटाने अनेक राज्यांत ग्राहकांच्या घरी छोटी यंत्रे बसवून मिनिटागणिक विद्युतदाब नोंदवला आणि ती माहिती सर्वांसाठी खुली केली. ते काम प्रामुख्याने नेहमीच्या सरकारी वीजपुरवठ्यावरचे होते. तीच पद्धत लघु वीजजाळ्यांनाही लागू पडते.

कायद्यातील पोकळी

वीज कायदा २००३ च्या कलम १४ नुसार अधिसूचित ग्रामीण भागात वीज निर्माण करून वितरित करणाऱ्याला परवाना लागत नाही. सुरक्षाविषयक नियम मात्र पाळावे लागतात. या सवलतीमुळे लहान उद्योजकांना वाट मोकळी झाली. पण कलम ५७ खालील सेवेचे मानदंड आणि भरपाईची तरतूद परवानाधारकांसाठी आहे. परिणामी, लघु वीजजाळ्याच्या ग्राहकाला ते संरक्षण आपोआप मिळत नाही.

उत्तर प्रदेशाच्या २०१६ च्या धोरणाने ही पोकळी काही अंशी भरली. अनुदान घेणाऱ्या प्रकल्पाला घरगुती ग्राहकांना सकाळी तीन व रात्री पाच, असे आठ तास वीज देणे त्यात बंधनकारक करण्यात आले.

जबाबदारी कोणाची?

पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत ‘ग्राम ऊर्जा’ या पुण्याच्याच संस्थेने २०१२ मध्ये ३९ घरांसाठी ९.४ किलोवॅटचा प्रकल्प उभारला. तेथे घरोघरी मीटर बसवण्यात आले आणि वसुलीची व देखभालीची जबाबदारी ग्रामस्थांच्या संस्थेकडे देण्यात आली. मीटरमुळे प्रत्येकाचा वापर दिसतो आणि मासिक पैशांतून पुढील दुरुस्तीची तजवीज करता येते.

निरीक्षणाचा उपयोग तेव्हाच, जेव्हा आकड्यामागे कृती ठरलेली असते. पुरवठा किती तासांत पूर्ववत करायचा, तक्रारीची नोंद कोणी ठेवायची, बॅटरीचा निधी कोणत्या खात्यात जमा व्हायचा, दर्जा न पाळल्यास बिलात किती सूट द्यायची, हे पहिल्याच दिवशी करारात लिहिलेले असावे. अनुदानही एकरकमी न देता काही भाग प्रत्यक्ष पुरवठ्याच्या नोंदींशी जोडावा.

२०१७ च्या ‘सौभाग्य’ योजनेनंतर सरकारी वीज देशातील बहुतेक घरांच्या उंबरठ्यावर आली. त्यामुळे लघु वीजजाळ्याला आता ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ या सबबीवर तगता येणार नाही. संध्याकाळच्या तासांत ते सरकारी विजेपेक्षा अधिक भरवशाचे ठरले, तरच गावकरी त्याचे बिल भरतील. तो भरवसा शेवटच्या घरातल्या मापकावर दिसायला हवा.