अमेरिकेतील ‘इन-स्टेट’ शुल्क आणि आपले विद्यार्थी

अमेरिकेतील सरकारी विद्यापीठांचे शिक्षण शुल्क दोन दरांचे असते. राज्याच्या रहिवाशाला कमी, बाहेरच्याला अनेक ठिकाणी दुप्पट-तिप्पट. वर्षभर राहिले की रहिवासी होता येते, असे एजंट सांगतात आणि त्या भरवशावर आपल्यातले पालक घर गहाण ठेवतात. म्हणून आम्ही हे स्पष्ट लिहीत आहोत.

बारा महिन्यांची अट बहुतेक राज्यांत आहे, पण तेवढ्याने भागत नाही. तिथेच कायम राहण्याचा हेतू दाखवावा लागतो आणि एफ-१ व्हिसा तर मायदेशी परतण्याच्या अटीवर मिळतो. भाडेकरार, वाहन परवाना, वीजबिल कितीही जोडा, अर्ज सहसा इथेच अडतो. १९८२ च्या ‘टोल विरुद्ध मोरेनो’ निकालाचा दाखला कोणी देईल. तो जी-४ व्हिसावरील, म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्थांच्या कर्मचाऱ्यांच्या मुलांबाबत होता.

खरी वाट वेगळी आहे. टेक्सासमध्ये किमान अर्धवेळ अध्यापन किंवा संशोधन सहायक असलेल्याला कायद्यानेच रहिवाशाचा दर लागतो. विद्यापीठाची किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली तरी ही सवलत मिळू शकते. इतरत्रही पीएच.डी.च्या सहायकांचे शुल्क बहुधा माफ होते, एम.एस.ला अशी कामे कमी.

अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मिळाल्यास शुल्क राज्य शासन भरते, पण जागा मोजक्या. खासगी विद्यापीठांत हा दुहेरी दर सहसा नसतो. बाबासाहेबांचे कोलंबिया त्यांपैकीच एक.

कर्जाच्या कागदांवर सही करण्यापूर्वी विद्यापीठाच्या निवास-निर्णय कार्यालयाकडून लेखी उत्तर मागवा.