'मुंगूस' ते 'मॉन्गूस': एका इंग्रजी प्राणिनामाचा इतिहास

इंग्रजीतील प्राणिनामे ही व्यापार आणि साम्राज्य यांच्या इतिहासाची साधने ठरू शकतात. 'मॉन्गूस' हे नाव त्याचे उत्तम उदाहरण होय. या नावाचा प्रवास इंग्रजांच्या भारताशी आलेल्या आरंभीच्या संपर्कावर कोणता प्रकाश टाकतो, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

संस्कृतात या प्राण्यास 'नकुल' म्हणतात. हिंदीतील 'नेवला' हे त्याचेच रूप. इंग्रजीने मात्र ही परंपरा स्वीकारली नाही. यूल व बर्नेल यांच्या 'हॉब्सन-जॉब्सन' (१८८६) या कोशात इंग्रजी शब्दाचे मूळ तेलुगू मानले असून तो दख्खनी व मराठीतही रूढ असल्याचे नोंदविले आहे. नंतरचे कोश मराठी 'मुंगूस'कडे निर्देश करतात आणि पोर्तुगीज भाषेची मध्यस्थीही मानतात.

या मतांत वरवर दिसतो तेवढा विरोध नाही. शब्द कोणत्या भाषेत जन्मला आणि परकीयांनी तो कोणाकडून ऐकला, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. तेलुगू व कन्नडमधील समान रूपे पाहता मूळ द्राविडी असणे संभवते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासात शोधावे लागते. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. सुरत, मुंबई व जुन्नर येथे वावरलेला कंपनीचा शल्यवैद्य जॉन फ्रायर याच्या १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तात हे नाव आढळते. इंग्रजांचा प्रथम निकट परिचय उत्तर हिंदुस्थानातील बोलींशी झाला असता, तर कदाचित 'नेवला'च इंग्रजीत रुजला असता.

पुढे लोकव्युत्पत्तीने आपले काम केले. इंग्रजीत 'गूस' म्हणजे हंस. या परिचित शब्दाच्या प्रभावाने नावाचा अंत्य अवयव त्याप्रमाणे लिहिला जाऊ लागला. प्राण्याचा त्या पक्ष्याशी संबंध नाही. म्हणूनच 'गूस'चे अनेकवचन 'गीस' होत असले, तरी येथे 'मॉन्गूसेस' हेच रूप प्रमाण ठरले.

१८७२ मध्ये उसाच्या मळ्यांतील उंदरांच्या बंदोबस्तासाठी भारतातून नऊ मुंगसे जमैकात नेण्यात आली, आणि १८८३ मध्ये तेथून हवाई बेटांवर. तेथील स्थानिक पक्ष्यांना या प्राण्याचा मोठा उपद्रव झाला. अशा रीतीने दख्खनचे हे नाव वसाहतींच्या शेतीच्या इतिहासातही गोवले गेले.

तात्पर्य, 'मॉन्गूस' हा शब्द मराठीचा की तेलुगूचा, हा वाद फारसा फलदायी नाही. द्राविडी भाषांशी शतकानुशतके देवाणघेवाण करणाऱ्या मराठीने तो घेतला, आपलासा केला आणि पुढे दिला. मराठीची ही दुवा साधणारी भूमिका हेच या शब्दाचे ऐतिहासिक मोल होय.