गाठीतला दाणा

मुंबईच्या हवेत हलव्याला काटा आणायचा हा तसा हट्टच. त्याला कोरडी थंडी लागते, आणि आमची फणसवाडी पडली गिरगावात, चौपाटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तरी इथल्या चाळींतून संक्रांतीचा हलवा आणि हलव्याचे दागिने होत आले. आमच्या घरात आधी आजेसासूबाई करायच्या, मग सासूबाई, आता मी.

सासूबाई पहाटेच गॅलरीत शेगडी मांडायच्या. दुपारचा खारा वारा सुटायच्या आत जे होईल ते आपलं, असं त्यांचं गणित. निखाऱ्यांवर राख पसरलेली, वर कल्हईची परात, परातीत तीळ, खसखस नाहीतर साबुदाणा. शेजारी एकतारी पाक. त्यात थोडं दूध घालून मळी काढून टाकलेली. चमचाभर पाक सोडायचा आणि तो सुकेपर्यंत बोटांनी दाणे हलक्या हाताने फिरवत राहायचं. मग पुढचा चमचा. पाक जास्त पडला तर दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली तर काटा झडून गुळगुळीत गोळी उरते. एका घाण्याला दोन-तीन दिवस सहज जातात. बोटांची टोकं भाजून टणक होतात. संक्रांतीनंतर सासूबाईंना सुईत दोरा ओवताना दोरा बोटांना जाणवायचा नाही.

ही कला आपलीच, असं मात्र कोणी छाती फुगवून सांगू नये. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ह्यू प्लॅट नावाच्या इंग्रजाने बायकांसाठी जे पुस्तक लिहिलं, त्यात बियांवर थरावर थर साखर चढवायची रीत दिली आहे, खरबरीत दाण्याचीसुद्धा. इटलीत सुल्मोना गावी साखर चढवलेल्या बदामांना तारा लावून त्यांची फुलं करतात. लग्नात पाहुण्यांना असे साखरेचे बदाम वाटायची तिकडे चालच आहे. म्हणजे लग्न झालं की साखरेची फुलं हवीत, हे माणसाला बऱ्याच ठिकाणी सुचलेलं आहे. आमच्या इथून धोबीतलावाकडे चालत गेलं की बेकऱ्यांच्या काचेआड लग्नाचे केक दिसायचे, त्यांवर साखरेचे गुलाब. केकवाले पिठीसाखरेत डिंकाच्या जातीचा चिकट पदार्थ मळून एकेक पाकळी लाटतात. आम्ही पाकळी लाटत नाही, दाणे बांधून फूल करतो.

साखरेचीही एक गोष्ट आहे. आजेसासूबाईंच्या आईच्या काळात मुंबईच्या बाजारात पांढरी साखर यायची ती मॉरिशसची किंवा जावाची, बोटीने. 1932 साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली आणि देशात कारखाने भराभर उभे राहिले. आपल्याकडे रावळगावचा 1933 सालचा. पुढे 1950 मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना निघाला. मधल्या काळात, 1943 साली मुंबईत रेशनिंग आलं. तेव्हा आजेसासूबाई दिवाळीपासून चहातली साखर निम्मी करायच्या आणि उरलेली डब्यात साठवायच्या. घरातली पुरुषमंडळी कुरकुरायची. पण घरात नवी सून किंवा तान्हं मूल असेल त्या वर्षी दागिने झालेच पाहिजेत, यावर कुणाची टाप नव्हती बोलायची.

दागिने तरी किती! नव्या नवरीला पहिल्या संक्रांतीला काळी साडी, त्यावर पांढरं मंगळसूत्र, तन्मणी, बाजूबंद, कमरपट्टा, बिंदी, कर्णफुलं, वेणी. जावयाला हार, गुच्छ आणि नारळ. अलीकडे मनगटी घड्याळसुद्धा. बोरन्हाणाच्या मुलाला मुकुट आणि बासरी.

आता खरी गोम. हलव्याच्या दाण्यात सुई घातली की तो फुटतो. म्हणून दाणा ओवत नाहीत, बांधतात. दोऱ्याचा सैल फास करायचा, त्यात दाणा धरायचा आणि फास हळूच आवळायचा. काट्यांच्या मधल्या खाचेत दोरा रुततो आणि दाणा बसतो. गुळगुळीत दाणा सटकन निसटतो. काटा दिसायला छान म्हणून हवा, असं गिऱ्हाइकांना वाटतं. तो हवा असतो दोऱ्यासाठी. पाच दाणे गोलात बांधले, मध्ये एक केशरी दाणा आणला, की फूल झालं. अशी फुलं शेजारी शेजारी बांधत गेलं की बाजूबंद. भुलेश्वरहून आणलेली जर मध्ये मध्ये यायची, पण बेताची.

आज बहुतेक दागिने पुठ्ठा कापून, त्यावर गोंदाने दाणे चिकटवून होतात. हलवाही पुष्कळदा तयार विकत आणलेला, यंत्रावरचा. झटपट होतं, स्वस्त पडतं, नक्षी सुबक येते. माझी तक्रार त्या सुबकपणाबद्दल नाही. हळदीकुंकू संपलं की पूर्वी नवरीच्या अंगावरचे दागिने उतरवून पोरांच्या हातात पडायचे. दोरा तोडायचा, दाणे गोळा करायचे, खायचे. खसखशीच्या दाण्यांवरून भांडणं व्हायची. गोंद आल्यापासून दागिना फोटो काढून पेटीत जातो, नाहीतर पावसाळ्यात ओल धरून मुंग्यांच्या स्वाधीन होतो. खाता न येणारा हलवा करायचा कशाला, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

पण पोटाला हवं म्हणून गोंदाच्या ऑर्डरी मीही घेते. नवरीला पुठ्ठ्याचा कमरपट्टा हवा असेल तर तोही देते. हौस तिची आहे. बोरन्हाणाची ऑर्डर असली की मात्र सगळं दोऱ्याच्या गाठीवर, पैसे जरा जास्त सांगून. मुकुट डोक्यावर घालायच्या आधी मूल तो तोंडात घालणार, हे ठरलेलंच असतं.