अर्धांगवायू आणि चालण्याची परवानगी

अर्धांगवायूने लुळ्या पडलेल्या पायावर गेल्या दोन शतकांत जे उपचार झाले, त्यांचा इतिहास पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवते. रुग्णाला चालू द्यायचे की नाही, हे त्याच्या पायाकडे पाहून क्वचितच ठरले. त्या त्या काळी वैद्यकाच्या मनात मेंदूचे जे चित्र होते, त्यावरून ते ठरत गेले. चित्र बदलले की नियम बदलला. मात्र दीडशे वर्षांत बहुतेक नियमांचा रोख एकाच दिशेला राहिला: अजून नको, थांबा. या थांबवण्याने अनेक पायांचे नुकसान केले असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा याच वैद्यकाच्या नोंदींत सापडतो.

शरीराची एक बाजू निकामी होते ही ओळख फार जुनी. चरकसंहितेतील वातव्याधींच्या अध्यायात हा विकार आहे आणि त्यावर स्नेहयुक्त स्वेदन व विरेचन सांगितले आहे. मेंदूच्या एका बाजूची इजा शरीराच्या दुसऱ्या बाजूला लुळे करते, हे ग्रीक वैद्य अरेटिअसला ठाऊक होते. 1658 मध्ये स्वित्झर्लंडच्या योहान याकोब वेप्फरने मृत रुग्णांच्या मेंदूतला रक्तस्राव दाखवून दिला. पण रुग्ण उठून चालू लागल्यावर त्याचा पाय नेमका काय करतो, हे बारकाईने लिहून ठेवणाऱ्यांत लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातल्या रॉबर्ट बेंटली टॉड यांचे नाव मोठे आहे. 1850 च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी ही चाल वर्णिली: रुग्ण धड चांगल्या बाजूला झुकवतो आणि लुळा पाय बाहेरून अर्धवर्तुळात फिरवून पुढे आणतो. उन्मादाच्या रुग्णाचा पाय असा फिरत नाही, तो नुसता फरफटत येतो, हा फरकही त्यांनी टिपला.

टॉड यांनी पाहिलेल्या त्या अर्धवर्तुळामागे साधे कारण आहे. नडगीपुढचा स्नायू पाऊल वर उचलू शकत नाही आणि पोटरी ताठरते, म्हणून बोटे जमिनीला घासतात. पाय पुढे नेताना गुडघा हवा तेवढा वाकत नाही. पाय असा लांबच राहिला की तो पुढे न्यायला दोनच वाटा उरतात, खुबा वर उचलायचा किंवा पाय बाहेरून फिरवायचा. त्याच पायावर भार द्यायची वेळ आली की गुडघा एक तर दुमडतो किंवा मागे ढकलला जाऊन कुलूप लावल्यासारखा अडकतो, त्यामुळे रुग्ण त्या पायावर कमीत कमी वेळ उभा राहतो. सुरुवातीला बहुधा ढिला असलेला पाय पुढच्या आठवड्यांत ताठर होतो. मेंदूत पायाचे क्षेत्र दोन्ही गोलार्धांमधल्या भिंतीवर, वरच्या बाजूला असते, आणि बहुतेक झटके ज्या मधल्या रोहिणीत येतात तिचा पुरवठा मुख्यतः हात आणि चेहऱ्याच्या क्षेत्राला असतो. हातापेक्षा पाय बहुधा लवकर का सुधारतो, याचा बराचसा उलगडा इथे होतो. उभे राहण्याची आशा रचनेतच आहे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण उपचारांनी ती फार काळ वापरलीच नाही.

विश्रांती हेच औषध, या समजाने एकोणिसाव्या शतकातल्या रुग्णालयांवर राज्य केले. झटक्याच्या रुग्णाला अंथरुणातच ठेवायचे, हे ओघाने आले. पण अंथरुणात पडलेल्या पायाची टाच वर ओढली जाते, पोटरी आखडते, सांधे जखडतात, आणि पुढे हे सगळे मूळ आजाराच्या खात्यावर लिहिले जाते. 1947 मध्ये लंडनच्या रिचर्ड अॅशर यांनी अंथरुणाच्या धोक्यांवर लेख लिहिला, तेव्हा कुठे या सवयीला उघड आव्हान मिळाले.

त्याच दशकात दुसरे चित्र तयार होत होते. नाझी जर्मनीतून लंडनला आलेल्या बर्टा बोबाथ यांनी 1943 च्या सुमारास अर्धांगवायू झालेल्या एका चित्रकारावर उपचार केले, आणि त्यातून पुढे जगभर पसरलेली पद्धत घडली. तिचे मोठे श्रेय नाकारता येत नाही. तोवर चांगल्या बाजूलाच काम शिकवून रुग्णाला घरी पाठवले जाई. बाधित बाजूही सुधारू शकते, हा आग्रह बोबाथ यांनी धरला. मात्र त्यासोबत एक भीतीही आली. ताठर, विचित्र हालचाल सरावाने पक्की होईल, म्हणून आधी ताठरपणा उतरवा, धडाचा तोल आणि भार पेलणे नीट करा, मग चालवा. तत्त्व तर्काला धरून होते. व्यवहारात मात्र कित्येक रुग्ण चटईवर आणि खाटेच्या कडेला तयारीच करत राहिले.

याला पहिला ठोस छेद ऑस्ट्रेलियातून गेला. जॅनेट कार आणि रॉबर्टा शेफर्ड यांनी 1982 च्या पुस्तकात मांडले की जे काम परत मिळवायचे, त्याचाच सराव करायचा. 1995 मध्ये बर्लिनच्या स्टेफान हेस्से यांनी चालू न शकणाऱ्या सात रुग्णांना पट्ट्यांनी अंशतः तोलून ट्रेडमिलवर चालवले, मग बोबाथ पद्धतीचे उपचार दिले, मग पुन्हा ट्रेडमिल. चालणे सुधारले ते ट्रेडमिलच्या टप्प्यांत.

सात रुग्णांवरून इतिहास लिहू नये, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय पाय आपोआपही सुधारतो. कोपनहेगनच्या 804 रुग्णांच्या अभ्यासात सुरुवातीला 51 टक्के रुग्णांना अजिबात चालता येत नव्हते. शेवटी निम्मे रुग्ण स्वतंत्रपणे चालत होते, आणि 95 टक्के जणांची सुधारणा पहिल्या अकरा आठवड्यांतच पूर्ण झाली होती. मग श्रेय उपचाराला की निसर्गाला? मला यातून उलट निष्कर्ष दिसतो. सुधारणेची खिडकी एवढी अरुंद असेल, तर तीच तयारीत घालवणे सर्वांत महाग पडते.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. 2015 च्या अॅव्हर्ट चाचणीत 2104 रुग्णांपैकी काहींना झटक्यानंतर 24 तासांच्या आत आणि वारंवार अंथरुणाबाहेर काढले गेले. चांगला निकाल त्यांच्यात 46 टक्के, तर नेहमीच्या पद्धतीने हाताळलेल्यांत 50 टक्के आला. म्हणजे पहिल्या दिवशीची घाई घातक ठरू शकते. थांबवण्याच्या बाजूने मिळालेला हा खरा पुरावा आहे आणि तो स्वीकारलाच पाहिजे. पण तो पहिल्या तासांविषयी बोलतो, पहिल्या महिन्यांविषयी नाही.

तिसरा धक्का यंत्रभक्तांना बसला. अमेरिकेतल्या 2011 च्या लीप्स चाचणीत 408 रुग्ण होते. तिथे ट्रेडमिलवरचे प्रशिक्षण घरी दिलेल्या ताकद आणि तोलाच्या व्यायामांपेक्षा सरस ठरले नाही. वर्षअखेर एकूण 52 टक्के रुग्ण चालण्याच्या वरच्या गटात गेले. हे गट वेगावरून पाडलेले होते. सेकंदाला 0.4 मीटरखाली माणूस साधारण घरातच वावरतो आणि 0.8 च्या वर गेल्यास बाहेर सहज फिरतो, हे कॅलिफोर्नियाच्या जॅकलिन पेरी यांनी 1995 मध्ये दाखवले होते. पाय अर्धवर्तुळात फिरतो का, हा टॉड यांचा प्रश्न मागे पडून रस्ता ओलांडता येतो का, हा प्रश्न पुढे आला, आणि मला तो अधिक न्याय्य वाटतो.

भारतात फिजिओथेरपीचे रीतसर शिक्षण 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झाले, ते पोलिओच्या साथीच्या सावटाखाली. लीप्समध्ये घरच्या गटाला तीन-चार महिन्यांत छत्तीस भेटी मिळाल्या, म्हणजे आठवड्याला दोन-तीन. महागडे यंत्र त्याला लागले नाही. महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी झटका येऊन घरी परतलेल्या माणसाकडे त्या अकरा आठवड्यांत फिजिओथेरपिस्ट तितक्या वेळा पोचायचा, तर आधी तेवढी माणसे नेमावी लागतील.