गोदावरीच्या मुखाकडील अरण्य



समुद्रापासून इतक्या दूर असलेल्या धर्माबादच्या मंडळींनी भरतीच्या पाण्यात उगवणारे अरण्य व त्यातील प्राणी पाहावयास जाण्याचा बेत केला, म्हणजे ठाण्याची खाडी आणि वेंगुर्ले ही नावे प्रथम निघतात. दोन्ही स्थळे प्रेक्षणीय आहेत, यात संशय नाही. तथापि आपल्या तालुक्यापुरते बोलावयाचे, तर हे स्थळ नदीनेच ठरवून ठेविले आहे. त्र्यंबकेश्वराजवळ उगम पावलेली गोदावरी आपल्या तालुक्यातून पुढे तेलंगणात शिरते व एकंदर 1465 किलोमीटरांचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते. तिच्या गौतमी नावाच्या फाट्याच्या मुखाशी, काकीनाडा शहरापासून सुमारे 18 किलोमीटरांवर, कोरिंगाचे कांदळवन पसरले आहे. कोकणात ज्यास तिवर म्हणतात त्या झाडास तेलुगूत 'मड' असे नाव आहे, आणि अशा वनास 'मड अडवी' म्हणतात. सीमेवर राहणाऱ्या आपणांस 'अडवी' हा शब्द काही परका नव्हे.

या वनाचे नाव ज्या गावावरून पडले, ते कोरिंगा एके काळी मोठे बंदर होते. तेथे गलबते बांधीत व दुरुस्त करीत. तेथून इतके तेलुगू मजूर ब्रह्मदेशात गेले, की तिकडे हिंदी मजुरास 'कोरंगी' हेच नाव पडले. जवळच यानम येथे फ्रेंचांची वसाहत होती, ती 1954 पर्यंत टिकली. परंतु कोरिंगाचे वैभव समुद्राने हिरावून नेले. डिसेंबर 1789 मध्ये वादळाबरोबर समुद्राच्या तीन प्रचंड लाटा गावावर आल्या व हजारो माणसे बुडाली. लोक पुन्हा उभे राहिले, तोच नोव्हेंबर 1839 मध्ये दुसरे वादळ आले आणि बंदर कायमचे बसले. या दुसऱ्या संकटात 3 लक्ष माणसे व 20 हजार जहाजे बुडाली, असे पुष्कळ पुस्तकांतून छापलेले आढळते. नदीमुखावरच्या एवढ्याशा बंदरात 20 हजार जहाजे मावावी कशी, हा प्रश्न लिहिणारांस पडलेला दिसत नाही! आकडा काहीही असो, संहार भयंकर होता. कलकत्त्यास हेन्री पिडिंग्टन नावाचे एक गृहस्थ होते, त्यांनी त्या वर्षीच्या वादळांच्या नोंदी गोळा करून त्यांचा अभ्यास केला. पुढे 1848 साली सर्पाच्या वेटोळ्यावरून त्यांनी अशा वादळांस 'सायक्लोन' हे नाव दिले. आज जगभर रूढ असलेल्या या शब्दाच्या मुळाशी आपल्याच नदीच्या मुखावरील आपत्तीचाही वाटा आहे.

आता हे अरण्य जगते कशावर, ते पाहू. केवळ खाऱ्या पाण्यावर कांदळवन खुरटते. त्यास वरून येणारे गोडे पाणी व गाळ लागतो. तो गाळ पैठणचा, नांदेडचा, आपल्याही काळ्या रानातला. 1847 ते 1852 या काळात आर्थर कॉटन यांनी दवलेश्वरम् येथे बंधारा घातला. 1833 च्या दुष्काळाने होरपळलेला तो प्रदेश त्यामुळे भाताचे कोठार बनला, हे कॉटनसाहेबांचे उपकार तिकडचे शेतकरी अद्याप विसरलेले नाहीत. त्यानंतर मात्र वरच्या अंगास धरणांची रांगच लागली. जायकवाडी 1976 साली पुरे झाले, विष्णुपुरी झाले, श्रीरामसागर झाले. गाळ धरणांच्या पोटात बसू लागला, समुद्राकडे जाणारा भाग पुष्कळ घटला, आणि मुखाजवळचा किनारा काही ठिकाणी मागे हटू लागला.

आपल्याच तालुक्यातील बाभळी बंधाऱ्याचा वाद सर्वांस ठाऊक आहे. 28 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारे उघडी ठेवावीत व 1 मार्चला 0.6 टी.एम.सी. पाणी खाली सोडावे. तो वाद दोन्हीकडच्या शेतीचा व पिण्याच्या पाण्याचा होता. मराठवाड्यासारख्या तहानलेल्या मुलखाने बंधारे बांधू नयेत, असे मी म्हणणार नाही. उन्हाळ्यात येथल्या विहिरींचे तळ मी पाहिले आहेत. परंतु या पाण्याचा तिसराही एक वाटेकरी आहे, आणि त्यास कोर्टात वकील देता येत नाही, एवढे सहलीस जाणाराने ध्यानात ठेवावे.

महिना कोणता निवडावा, हे इतिहासच सांगतो. 1789 चे वादळ डिसेंबरातले, 1839 चे नोव्हेंबरातले. 6 नोव्हेंबर 1996 रोजी काकीनाड्याच्या दक्षिणेस आदळलेल्या वादळात हजाराहून अधिक माणसे मेली. म्हणून कार्तिक-मार्गशीर्ष टाळून माघात निघावे. त्या वेळी परदेशी पक्षी मुक्कामास असतात, आणि समोरच्या होप बेटाच्या वाळूत समुद्री कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम असतो. येथे वाघ नाही, हे मुलांस आधीच सांगून ठेवावे. सुमारे 235 चौरस किलोमीटरांच्या या अभयारण्याचा (हे 1978 साली जाहीर झाले) मानकरी म्हणजे मासेमार मांजर. ते बहुधा रात्री हिंडते, यास्तव ते न दिसले तरी ओल्या चिखलातील त्याच्या पावलांवर समाधान मानावे लागेल. पाणमांजरांचे कळप मात्र दिवसाही दृष्टीस पडण्याचा संभव आहे.

सिकंदराबादेस गाडी बदलून काकीनाड्यास जावे. पोचल्यावर पहिले काम वनखात्याकडे चौकशी करण्याचे, व दुसरे नावाड्यास भरतीची वेळ विचारण्याचे. अरुंद फाट्यांत नाव भरतीलाच शिरते. पक्षी चरताना पाहावयाचे तर ओहोटी हवी. कोकणात तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. तो हिशेब पूर्व किनाऱ्यावर लागू पडत नाही.