पाहुणचार पर्यावरणस्नेही व्हावा!

पंचतारांकित हॉटेल म्हटले की सुखसोयींबरोबर उधळपट्टीही डोळ्यांसमोर येते. अखंड चालणारे वातानुकूलन, रोज धुतली जाणारी चादर, ताटात उरलेले अन्न. या उधळपट्टीची खरी किंमत बिलात दिसत नाही. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांपैकी तानसा व भातसा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत. त्याच तालुक्यातील अनेक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. म्हणूनच महानगरातील हॉटेलने किती पाणी वापरावे, हा केवळ मालकाचा खासगी प्रश्न राहत नाही.

उधळपट्टी टाळूनही उत्तम पाहुणचार करता येतो, हे मुंबईच्या ‘ऑर्किड’ने दाखवून दिले. विठ्ठल कामत यांनी विलेपार्ले येथे विमानतळाजवळ १९९७ मध्ये सुरू केलेले हे हॉटेल ‘इकोटेल’ प्रमाणपत्र मिळविणारे आशियातील पहिले पंचतारांकित हॉटेल ठरले. पर्यावरणाविषयीची बांधिलकी, घनकचरा व्यवस्थापन, ऊर्जाबचत, जलसंधारण आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण व लोकसहभाग, या पाच निकषांवर हे प्रमाणपत्र दिले जाते.

ऑर्किडचे वैशिष्ट्य असे, की बचतीचा विचार इमारतीच्या उभारणीपासूनच झाला. औष्णिक वीजकेंद्रांतील राख मिसळलेले सिमेंट वापरण्यात आले. आतील भिंतींसाठी हवेच्या पोकळ्या असलेले हलके ठोकळे निवडण्यात आले. गच्चीवरील जलतरण तलावामुळे खालच्या मजल्यांना उन्हाची झळ कमी लागते. सांडपाण्यावर प्रक्रिया करून ते वातानुकूलन यंत्रणेसाठी व बागेसाठी वापरण्याची सोय करण्यात आली. खोलीत एक हिरवे बटणही ठेवण्यात आले. ते दाबले की खोलीचे तापमान दोन अंशांनी वाढते. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते, तापमान एक अंशाने वाढवले तरी वातानुकूलनाची सुमारे सहा टक्के वीज वाचते. त्या बटणाचे मोल यावरून कळते.

प्रत्येक हॉटेलला नवी इमारत बांधणे शक्य नाही. तथापि महामार्गावरील मोटेल किंवा गावातील छोट्या लॉजलाही बरेच काही करता येईल. पाण्यात हवा मिसळणारे नळ, कमी-अधिक पाणी सोडणारी दुहेरी फ्लश टाकी, सौर बंब, ओल्या कचऱ्याचे गांडूळखत आणि छोट्या बाटल्यांऐवजी भिंतीवरचे पुन्हा भरता येणारे साबणपात्र, हे उपाय फार खर्चिक नाहीत. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिकबंदी लागू झाल्यापासून काही बदल ऐच्छिकही राहिलेले नाहीत.

मात्र पाहुण्याच्या साथीवाचून हे प्रयत्न अपुरे ठरतात. ‘टॉवेल पुन्हा वापरा’ अशी पाटी बहुतेक हॉटेलांत असते. अमेरिकेतील एका हॉटेलात झालेल्या व २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, केवळ पर्यावरणरक्षणाचे आवाहन वाचून सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी साथ दिली. ‘बहुसंख्य पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असे लिहिताच हे प्रमाण ४४ टक्क्यांवर गेले. इतर करतात, तर आपणही करावे, ही भावना उपदेशापेक्षा प्रभावी ठरली.

आपण घरी रोज नवा टॉवेल घेत नाही, की रिकाम्या खोलीत दिवे जळत ठेवत नाही. पैसे मोजले म्हणून ती सवय हॉटेलच्या दाराबाहेर का ठेवावी?