मेणाच्या दसपट पितळ

बडोद्यात विश्वामित्रीच्या पश्चिमेला अकोटा आहे. आज ती शहरातली एक वस्ती, पण राष्ट्रकूट कर्कराजाच्या ८१२ च्या ताम्रपटात मोठेपण नेमके उलटे आहे. त्यात अंकोट्टक हे चौऱ्याऐंशी गावांचे ठाणे, आणि वडपद्रक, म्हणजे आजचे वडोदरा, हे त्यातले दान दिलेले एक गाव. या अकोट्याच्या जमिनीतून १९५१ मध्ये अडुसष्ट जैन धातुमूर्ती बाहेर आल्या. त्यांतल्या जुन्या मूर्ती सहाव्या शतकाच्या आसपासच्या. उमाकांत शाह यांनी त्यांचा अभ्यास केला, आणि १९५९ मध्ये मुंबई सरकारने त्यांचे पुस्तक छापले. बडोदे तेव्हा मुंबई राज्यात होते.

मुकुट घातलेला, राजपुत्राच्या वेशातला ध्यानस्थ महावीर किंवा चवरी घेतलेली स्त्री, यांपैकी कोणतीही मूर्ती जवळून पाहावी. दागिन्यांचे मणी आणि वस्त्राच्या चुण्या स्पष्ट उठल्या आहेत. वितळलेला धातू थिजायच्या आत त्या प्रत्येक बारीक खाचेत पोचला, म्हणून हे साधले.

तो कसा पोचवायचा, याची लेखी कृती बडोद्यातच छापली गेली होती, मूर्ती सापडायच्या सव्वीस वर्षे आधी. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १९१६ मध्ये गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमाला सुरू झाली. तिच्यात १९२५ मध्ये श्रीगोंदेकरांनी संपादिलेल्या ‘मानसोल्लासा’चा पहिला खंड निघाला. हा कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराचा, बाराव्या शतकातला ग्रंथ. अकोट्याचे कारागीर त्याच्या कितीतरी आधीचे, त्यामुळे त्यांनी तो वाचलेला असणे शक्यच नाही. पण मेण वितळवून ओतकाम करण्याची रीत तीच.

आधी मेणाची मूर्ती करायची आणि तिला धोत्र्याच्या फुलाच्या आकाराच्या मेणाच्या नळ्या जोडायच्या. जळलेला कोंडा, बारीक कातरलेला कापूस आणि मीठ घालून घोटलेल्या मातीचा पातळ लेप द्यायचा, तो सावलीत वाळवायचा, मग पुढचे थर चढवायचे. साचा तापवला की मेण वाहून जाते. मुशीतला धातू नळीच्या तोंडातून अखंड धारेने ओतायचा. धार तुटली तर आतला धातू थिजू लागतो आणि मागून आलेला त्याच्याशी एकजीव होत नाही, म्हणून ‘अखंड’ या अटीला एवढे महत्त्व.

सगळ्यात लक्षणीय आहे ते वजनाचे गणित. लेप देण्याआधी मेण तोलायचे. पितळ वा तांबे त्याच्या दसपट किंवा आठपट घ्यायचे, चांदी बारापट, सोने सोळापट. आजच्या घनतेशी ताडून पाहिले तर पितळ मेणाच्या सुमारे नऊपट जड भरते आणि चांदी अकरापट. शुद्ध सोने मात्र वीसपट, म्हणजे सोळाचा आकडा तोकडा पडतो. तो साधारण अठरा कॅरेटच्या सोन्याला लागू पडेल. तराजूखेरीज काहीही न वापरता काढलेले हे प्रमाण आहे, आणि त्याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. धातू वितळलेला असताना आत काय खळबळ चालते, याची या गणिताला पर्वाच करावी लागत नाही, कारण तोलायचे ते थंड असताना.

वितळलेल्या धातूचेच गुण मोजायचे असतील तर मात्र ती खळबळ आड येते. अकोट्याच्या शोधानंतरच्या वर्षी, १९५२ मध्ये, अमेरिकेत वेस्टिंगहाउसच्या ऑक्रेस आणि सहकाऱ्यांनी धातू मुशीशिवाय, हवेत अधांतरी वितळवल्याचे प्रसिद्ध केले. तारेच्या वेटोळ्यातून जलद उलटसुलट होणारी वीज सोडली की धातूत भोवरे-प्रवाह उठतात. तेच त्याला उचलून धरतात आणि तेच तापवतात. टायटॅनियमसारखा धातू मुशीलाच खातो, म्हणून त्याला ही सोय मोलाची.

असा अधांतरी वितळलेला थेंब थरथरतो. थरथरीच्या वारंवारतेवरून पृष्ठताण काढता येतो, त्याचे सूत्र लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्येच दिले होते. ती किती लवकर विरते यावरून चिकटपणा कळतो. अडचण इथेच येते. उचलून धरणारे प्रवाह थेंबाला आतून ढवळतात. हे ढवळणे संथ असेल तर माप बिघडत नाही. पण आत खवळलेले भोवरे उठले की थरथरीची ऊर्जा ते गिळतात, ती लवकर विरते आणि धातू आहे त्याहून चिकट भासतो.

पृथ्वीवर वजन पेलायलाच जोर लागतो, आणि तोच थेंबाला ढवळतो. म्हणून ‘टेम्पस’ नावाचे यंत्र १९९४ मध्ये कोलंबिया यानातून अवकाशात गेले. तिथे थेंब जागेवर ठेवायला क्षीण क्षेत्र पुरते आणि तापवणारे क्षेत्र मोजणीच्या वेळी बंद करता येते. १९९७ च्या उड्डाणातल्या पॅलेडियम-सिलिकॉनच्या थेंबावर काही कण तरंगत होते. थेंबातले ढवळणे संथ असेपर्यंत ते एका रेषेत शिस्तीने राहिले, मग एकाएकी सैरावैरा झाले. प्रवाह संथ की खवळलेला हे सांगणारा रेनॉल्ड्स अंक तेव्हा सहाशेच्या आसपास होता. त्यापलीकडे नोंदवलेल्या थरथरीवरून पृष्ठताण काढता येतो, चिकटपणा मात्र काढता येत नाही.